ऑफिसचा ईमेल क्लाउडवर नेताना आधी चाव्या गोळा करा

बऱ्याच ऑफिसांत एक कॉम्प्युटर असा असतो की तो बंद करायची कोणाची छाती होत नाही. आठ-दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या आउटलुकमध्ये साठलेला असतो आणि दुसरीकडे कुठेच नसतो. फाइल्सचीही तीच तऱ्हा. एकाच कोटेशनच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन २’ अशा तीन प्रती तीन जणांकडे असतात, आणि ग्राहकाला नेमकी कोणती गेली हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा ऑफिसात क्लाउडवर जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?’ गेली काही वर्षं मी लहान-मध्यम ऑफिसांचे मेल हलवून देण्याचं काम करतो. माझ्या अनुभवात काम अडतं ते बहुतेक वेळा चाव्यांपाशी. डोमेन कोणाच्या नावावर आहे, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, फाइलचा मालक कोण आहे, याची उत्तरं तयार असली तर बाकीचं काम शनिवार-रविवारात उरकतं.

क्लाउड म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. तुमचे मेल आणि फाइल्स पुरवठादाराच्या सर्व्हरवर राहतात, तुम्ही ब्राउझरमधून किंवा मोबाइलवरून ते उघडता, आणि दर युजरमागे दरमहा किंवा वार्षिक भाडं भरता. गूगलने व्यवसायांसाठी ही सेवा २००६ मध्ये सुरू केली, तिचं आजचं नाव गूगल वर्कस्पेस. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ २०११ मध्ये आलं, आता ते मायक्रोसॉफ्ट ३६५ म्हणून ओळखलं जातं. झोहो वर्कप्लेस हाही त्याच जातीचा पर्याय. नावं वेगळी असली तरी पुढच्या पायऱ्या तिन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत.

पायरी १: डोमेन ताब्यात घ्या

मेल पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतर येतं ते डोमेन. ते कायमचं विकत मिळत नाही. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, ठरावीक वर्षांसाठी नोंदवावं लागतं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. ज्याच्या हाती रजिस्ट्रारचं लॉगिन, त्याच्या हाती तुमचा सगळा मेल.

एका ऑफिसात मी सोमवारी सकाळी पोहोचलो तेव्हा कोणालाच मेल येत नव्हता. वेबसाइटही बंद. शोधता शोधता कळलं की डोमेन काही वर्षांपूर्वी वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खासगी मेलवरून नोंदवलं होतं. पुढे त्याने ते काम सोडलं, तो मेल पत्ताही वापरायचा बंद केला, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या रिकाम्या घरी जात राहिल्या. डॉट कॉमसारखं डोमेन मुदत संपून रद्द झालं तरी ३० दिवस ते जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, म्हणून ते परत मिळालं. दरम्यान ग्राहकांनी पाठवलेले किती मेल परत फिरले, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून सॉफ्टवेअरची तुलना करण्याआधी रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करून पाहा. मालक म्हणून कंपनीचं नाव हवं. संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेलही तुमच्यापर्यंत येणार नाही. त्यासाठी वेगळा पत्ता ठेवा आणि तो दोन जबाबदार माणसांना उघडता यायला हवा. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय चालू करा, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा. जाता जाता डीएनएस, म्हणजे डोमेनचा मेल आणि वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदींची वही, कुठे आहे तेही पाहून घ्या. कधी ते रजिस्ट्रारकडे असतं, कधी वेबसाइट होस्ट करणाऱ्याकडे. पुढची अर्धी लढाई तिथेच आहे.

पायरी २: कोण-कोण मेल पाठवतं त्याची यादी

माणसांची यादी पाच मिनिटांत होते. त्यानंतर सेल्स, अकाउंट्स, इन्फो असे सामाईक पत्ते लिहा. अशा प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं लायसन्स घ्यायची गरज नसते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत लायसन्सशिवाय चालतो. गूगलमध्ये ग्रुप बनवता येतो, किंवा एखाद्याच्या मेलबॉक्सला तो पत्ता उपनाव म्हणून जोडता येतो. एक कृपा करा, सामाईक पत्त्याचा पासवर्ड पाच जणांना वाटू नका. ग्राहकाला उत्तर कोणी दिलं ते कळत नाही, आणि एक जण सोडून गेला की चौघांना नवा पासवर्ड पाठ करावा लागतो.

आता खरी मेहनत. तुमच्या ऑफिसातली यंत्रंही मेल पाठवतात. कागद स्कॅन करून थेट मेल करणारा प्रिंटर, वेबसाइटवरचा ‘संपर्क करा’ फॉर्म, बिलं पाठवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वीज गेल्याची सूचना देणारा यूपीएस. हे सगळे वर्षानुवर्षं मुकाट काम करत असतात, म्हणून स्थलांतराच्या यादीत कोणालाच आठवत नाहीत. मंगळवारी दुपारी अकाउंट्समधून फोन येतो की दोन दिवसांत एकही बिल गेलेलं नाही, तेव्हा आठवतात.

शिवाय ही यंत्रं नुसतं युजरनेम-पासवर्ड देऊन सर्व्हरला जोडली जातात. ही जुनी पद्धत मोठे पुरवठादार टप्प्याटप्प्याने मोडीत काढत आहेत. मायक्रोसॉफ्टने पॉप, आयमॅप या सर्व्हरवरून मेल घेण्याच्या पद्धतींसाठी ती ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. त्यामुळे जुन्या प्रिंटरमध्ये नवा पासवर्ड भरून भागेलच असं नाही. पुरवठादाराची रिले सेवा (यंत्रांचे मेल पुढे पोहोचवणारी) वापरता येते का पाहा. नाहीतर प्रिंटरला मेलऐवजी नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकायला सांगा. मला तर दुसरा मार्गच जास्त पसंत आहे, तो वर्षानुवर्षं बिघडत नाही.

पायरी ३: निवड

इथे फार दिवस घालवू नका. तुमचे हिशोब एक्सेलच्या मॅक्रोंवर, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, चालत असतील तर डेस्कटॉप एक्सेल लागणारच. ते मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत, आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही चालत नाहीत. त्यामुळे ब्राउझरपुरतंच असलेलं स्वस्त लायसन्स अकाउंट्सच्या माणसाला देऊ नका. मायक्रोसॉफ्टमध्ये वेगवेगळ्या युजरना वेगवेगळे प्लॅन देता येतात. उलट, एकच शीट दहा जण एका वेळी भरत असतील आणि निम्मी माणसं मोबाइलवर असतील, तर गूगलची सवय लवकर होते.

चाचणीच्या काळात तीन जणांना वापरायला द्या: एक अकाउंट्समधला, एक कायम बाहेर फिरणारा, आणि एक असा की ज्याला कुठलाही बदल नको असतो. या तिसऱ्याच्या तक्रारी नीट लिहून घ्या. सगळ्यांना शिकवायची वेळ आली की त्या फार उपयोगी पडतात.

पायरी ४: डीएनएसच्या नोंदी

ही पायरी नवख्यांना भीतीदायक वाटते, पण तिच्यात चारच गोष्टी आहेत.

एमएक्स नोंद जगाला सांगते की या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर टाकायचा. ती बदलली की मेलची दिशा बदलते. मात्र प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाचा आकडा असतो, आणि तेवढे सेकंद बाहेरचे सर्व्हर जुनंच उत्तर लक्षात ठेवू शकतात. तो ८६,४०० असेल तर एक पूर्ण दिवस. बदलाच्या दोन दिवस आधी हा आकडा ३०० वर आणून ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष बदल साधारण पाच मिनिटांत पसरायला लागेल.

एसपीएफ नोंद म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी. इथे एक चूक सर्रास होते: जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन सापडल्या तर तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद ठरवतो आणि तुमचे मेल स्पॅममध्ये पडू लागतात. त्यामुळे जुन्या ओळीतच नव्या पुरवठादाराची भर घाला. बिलं पाठवणारी सेवा, जाहिरातीचे मेल पाठवणारी सेवा, सगळे त्याच ओळीत. पण ती ओळ वाचताना डीएनएसमध्ये दहापेक्षा जास्त वेळा शोध घ्यावा लागला तरीही नोंद नापास होते, म्हणून वापरात नसलेली नावं काढून टाका.

डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. अ‍ॅडमिनच्या पानावर चावी तयार होते, तिचा सार्वजनिक भाग डीएनएसमध्ये टाकायचा. २०४८ बिटची चावी निवडा. डीएनएसमध्ये मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांपुरताच असतो, त्यामुळे काही डीएनएस पानं ही लांबलचक चावी एका दमात घेत नाहीत, दोन तुकडे करून टाकावी लागते. नोंद टाकली म्हणजे झालं असंही समजू नका. परत अ‍ॅडमिनच्या पानावर येऊन सही करणं चालू करायचं बटण दाबावं लागतं. हे बटण दाबायचं राहून गेलेली कितीतरी ऑफिसं मी पाहिली आहेत.

चौथी डीमार्क. तुमच्या नावाने आलेला मेल आधीच्या दोन चाचण्यांत नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते. सुरुवातीला ‘नन’ ठेवा, म्हणजे मेल अडत नाहीत पण अहवाल येत राहतात. त्या अहवालांतच एखादा विसरलेला सर्व्हर सापडतो. काही आठवडे सगळं स्वच्छ दिसलं की ‘क्वारंटाइन’, आणि मग ‘रिजेक्ट’. घाई करून पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं तर स्वतःचीच बिलं परत फिरतील. हे सगळं टाळून चालत नाही, कारण मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशोबात दिवसाला ५,००० पेक्षा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. कमी मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतंच.

पायरी ५: जुने मेल

जुने मेल नक्की कुठे आहेत ते प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन पाहा. खातं आयमॅपने जोडलेलं असेल तर मेल सर्व्हरवर असतात आणि तिथूनच नव्या घरी नेता येतात. पॉपने जोडलेलं असेल तर ते त्या एका कॉम्प्युटरवर उतरलेले असतात आणि सर्व्हरवरून पुसलेलेही असू शकतात. मग आउटलुक ज्यात मेल साठवतं ती पीएसटी फाइल हाच एकमेव साठा. तिला हात लावण्याआधी आउटलुक बंद करून तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही प्रत घेतल्याशिवाय मी कुठल्याही ऑफिसात पुढचं पाऊल टाकत नाही.

आयमॅपवरून फक्त मेल येतात. संपर्क आणि कॅलेंडर वेगळे न्यावे लागतात.

वेळेचा हिशोब आधी मांडा. २०० जीबीचा साठा आहे आणि इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस आहे, तर सगळा वेग याच कामाला मिळाला तरी २२ तास लागतात. प्रत्यक्षात तेवढा वेग मिळत नाही, म्हणून दोन-तीन दिवस धरा. शेवटच्या दोन वर्षांचे मेल आधी चढवा, बाकीचे मागाहून सावकाश. सोमवारी सकाळी कोणी २०१४ सालचा मेल शोधत नाही, गेल्या आठवड्यातला शोधतो.

पायरी ६: बदलाची संध्याकाळ

शुक्रवारी ऑफिस रिकामं झालं की डीएनएसचं पान उघडा. सगळ्या जुन्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढा आणि तो अशा जागी ठेवा की मेल बंद असतानाही उघडता येईल. मग जुन्या एमएक्स नोंदी काढून नव्या टाका.

दहा मिनिटं थांबा. आपल्या खासगी जीमेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल पाठवा आणि तो नव्या मेलबॉक्समध्ये उतरतोय का पाहा. उतरला की तिथूनच उत्तर द्या. ते उत्तर जीमेलमध्ये उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि मूळ मेल दाखवायचा पर्याय निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्या ओळी दिसतील. तिन्हींपुढे ‘पास’ हवं. डीकेआयएमच्या ओळीत तुमच्या डोमेनऐवजी पुरवठादाराचं डोमेन दिसत असेल तर ते मघाचं बटण दाबायचं राहिलं आहे.

आता वेबसाइटवरचा फॉर्म भरून पाहा. वेबसाइट आणि जुना मेल एकाच होस्टिंगवर असतील तर त्या सर्व्हरला अजून वाटत असतं की या डोमेनचा मेल आपल्याच घरचा आहे. तो एमएक्सकडे न पाहता फॉर्मचा मेल जुन्याच मेलबॉक्समध्ये टाकतो. पाठवणाऱ्याला काही चूक दिसत नाही, घेणाऱ्याला मेल दिसत नाही. होस्टिंगच्या पानावर मेल राउटिंगचा पर्याय असतो, तिथे ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ करा. मग यादीतलं प्रत्येक यंत्र एकेक करून तपासा.

पायरी ७: सोमवारच्या आत सुरक्षा

दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना सक्तीची करा, मालकांनाही. एसएमएसवर येणाऱ्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, आणि अ‍ॅडमिनसाठी शक्य असेल तर सुरक्षा-की (लॉगिन करताना लावायचं पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण). अ‍ॅडमिन दोन हवेत, आणि अ‍ॅडमिनचं खातं रोजच्या मेलच्या खात्यापेक्षा वेगळं हवं. अडीअडचणीचे बॅकअप कोड छापून बंद पाकिटात कपाटात ठेवा.

बाहेरच्या पत्त्यावर मेल आपोआप पुढे पाठवायची सोय बंद करा. यामागचं कारण सांगतो. पासवर्ड चोरणारा माणूस लगेच गोंधळ घालत नाही. तो आत शिरून एक नियम लावतो: ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल मला पाठव. काही आठवडे तो तुमची भाषा, रकमा, तारखा वाचत बसतो. मग ऐन पैसे येण्याच्या दिवशी तुमच्या ग्राहकाला तुमच्याच नावाने मेल जातो की आमचं बँक खातं बदललं आहे. म्हणून खातेबदलाची कोणतीही सूचना आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून पक्की केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, असा नियम ऑफिसात करा आणि ग्राहकांनाही कळवा.

पायरी ८: फाइल्स

माणसाच्या स्वतःच्या ड्राइव्हमधली फाइल त्या माणसाच्या खात्याला बांधलेली असते. दहा जणांशी शेअर केली तरी मालक तोच, आणि त्याचं खातं पुसलं की तीही जाते. कामाच्या फाइल्स गूगलमध्ये शेअर्ड ड्राइव्हवर आणि मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंटवर ठेवा, तिथे मालकी संस्थेची असते. फोल्डर माणसांच्या नावाने न करता कामाच्या नावाने करा. लिंक असलेल्या कोणालाही फाइल उघडेल, असं शेअरिंग फक्त खरोखर सार्वजनिक गोष्टींसाठी ठेवा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं ब्राउझरमध्ये उघडली की अक्षरांचा काला झालेला दिसतो, आणि शोधूनही काही सापडत नाही. नेहमी लागणारे नमुने युनिकोडमध्ये बदलून घ्या. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवली तरी भागतं.

आणि सिंक (सगळ्या उपकरणांवर त्याच फाइल्स आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप हा समज सोडा. एका लॅपटॉपवर पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते. कचरापेटीत ती काही काळ असते, गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस. वर्षअखेरीला लक्षात आलं तर तोवर गेलेली असते. महत्त्वाच्या डेटाची एक प्रत दुसऱ्या सेवेवर किंवा डिस्कवर हवी, आणि दर तिमाहीला त्यातली एखादी फाइल परत आणून पाहायला हवी.

पायरी ९: कोणी सोडून गेलं तर

त्याच दिवशी खातं थांबवा, सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा, पासवर्ड बदला. खातं पुसायची घाई करू नका. आधी फाइल्सची मालकी दुसऱ्याकडे द्या, मेलबॉक्सची प्रत घ्या, पत्ता त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे वळवा. लायसन्सचे पैसे वाचवायला खातं लगेच पुसलं आणि नंतर काही हवं झालं, तर गूगलमध्ये २० दिवस आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवस ते परत आणता येतं. त्यानंतर नाही.

पायरी १०: जुना सर्व्हर बंद करताना

एक महिना तो चालू राहू द्या. दर आठवड्याला जुन्या मेलबॉक्समध्ये डोकावा. तिथे नवा मेल दिसला तर कुठलंसं यंत्र किंवा फॉर्म अजून जुन्या वाटेने चाललं आहे. सलग दोन आठवडे काही आलं नाही, की सगळ्या मेलबॉक्सची शेवटची प्रत डिस्कवर घ्या. मग होस्टिंग रद्द करायचा अर्ज भरण्याआधी त्यांचं शेवटचं बिल ओळ न ओळ वाचा. मेल, वेबसाइट आणि डोमेन बऱ्याचदा एकाच पॅकेजमध्ये विकलेले असतात, आणि ‘सेवा रद्द’ म्हटलं की तिन्ही एकदम जातात. डोमेन त्यात असेल तर आधी ते कंपनीच्या स्वतःच्या रजिस्ट्रार खात्यात हलवा, हलवल्याची खात्री करणारा मेल येऊ द्या, आणि मगच रद्द करा.